मधुमेह : ज्याचा त्याचा इशारा वेगळा



साखर कारखान्याच्या पत्रिकेत साखरेच्या आजारावर लेख आलेला पाहून काही जण गालात हसतील. हसायला हरकत नाही. परंतु साखर खाल्ली म्हणून मधुमेह झाला आणि साखर सोडली म्हणून तो गेला, इतके ते गणित सरळ नाही. या लेखात पुढे एके ठिकाणी तर साखर खिशात बाळगा असाच सल्ला द्यावयाचा आहे. तो का, हे समजून घेण्यासाठी लेख शेवटपर्यंत वाचावा.

हल्ली बऱ्याच कारखान्यांत उसाची खेप काट्यावर आली की वजनाचा मेसेज सभासदाच्या मोबाइलवर जातो. तो ज्याचा त्याला जातो. शेजाऱ्याच्या गाडीचे वजन कळून आपल्याला काय करायचे? मधुमेहातील इशाऱ्याचेही तसेच आहे. एकाला दीडशे साखर म्हणजे उत्तम, दुसऱ्या गर्भवती बाईला तीच दीडशे म्हणजे डॉक्टरकडे जाण्याची वेळ. एकाला रात्री घाम फुटला म्हणजे उकाडा, दुसऱ्याला तोच घाम म्हणजे जिवावरचा प्रसंग. माती परीक्षण न करता शेजाऱ्याने टाकले तेवढे खत आपणही टाकायचे, ही सवय आपण शेतीत बऱ्यापैकी सोडली. आजारपणात मात्र अजून 'त्याची गोळी मलाही द्या' चालूच आहे.

आधी आपल्याला आहे का, ते पाहा

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या इंडियाब नावाच्या मोठ्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे, आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर उभे आहेत. याच पाहणीच्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्र होता. त्याचे आकडे २०११ साली आले, तेव्हा आपल्या राज्यात शहरी भागात शंभरात जवळजवळ अकरा आणि ग्रामीण भागात साडेसहा प्रौढांना मधुमेह आढळला होता. म्हणजे 'हा शेटजींचा रोग, कष्टकऱ्याला होत नाही' ही समजूत तेव्हाच मोडीत निघाली.

'मी तर काडीसारखा बारीक, मला कसा होईल?' असे विचारणारेही पुष्कळ. त्यांच्यासाठी पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे काम सांगितले पाहिजे. पुण्याजवळच्या खेड्यांतील गरोदर मातांचा अभ्यास त्यांनी १९९३ पासून केला. आपल्याकडची बाळे इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा वजनाने बरीच हलकी, पण अंगातली चरबी मात्र त्या मानाने टिकून, असे त्यांना दिसले. हाडापेराने लहान, चरबीने मोठे. पुढे २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी स्वतःचा आणि एका इंग्रज सहकाऱ्याचा फोटो शेजारी-शेजारी छापला. उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, म्हणजे बीएमआय, दोघांचा अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मात्र इंग्रजाची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! तेव्हा काट्यावरचे वजन पाहून आपल्या माणसाचा मधुमेह ओळखता येत नाही. पोटाचा घेर पाहावा लागतो.

चेन्नईच्या डॉ. व्ही. मोहन यांच्या संस्थेने भारतीयांसाठी एक सोपी गुणपद्धत २००५ साली तयार केली. तिला ना रक्त लागते ना यंत्र. शिंप्याची टेप पुरते. वय, कमरेचा घेर, अंगमेहनत आणि आई-वडिलांचा मधुमेह, या चार गोष्टींचे मिळून १०० गुण. पन्नाशी गाठलेल्याला वयाचे ३० गुण. पुरुषाचा घेर ९० सेंटीमीटर, म्हणजे साधारण साडेपस्तीस इंच, व बाईचा ८० सेंटीमीटर झाला की गुण सुरू होतात. पुरुषाचा घेर १०० आणि बाईचा ९० झाला की २०. बसून काम आणि व्यायामही नाही, त्याला ३०. आई किंवा वडील यांपैकी एकाला मधुमेह असेल तर १०, दोघांना असेल तर २०. बेरीज ६० किंवा जास्त भरली तर धोका मोठा, रक्त तपासून घ्यावे. आता आपल्याच गावातला, शेती वाट्याने दिलेला, मोटारसायकलवरून खाली न उतरणारा पंचावन्न वर्षांचा, पोट सुटलेला, वडिलांना मधुमेह असलेला सभासद डोळ्यासमोर आणा : ३० अधिक २० अधिक ३० अधिक १०. नव्वद झाले. परीक्षेत मिळाले असते तर पेढे वाटले असते.

रक्ताचे आकडे असे : उपाशीपोटी १०० च्या आत असेल तर ठीक, १०० ते १२५ म्हणजे उंबरठा, आणि १२६ किंवा वर आल्यास दुसऱ्यांदा तपासून मधुमेह ठरवतात.

एका दिवसाचा ब्रिक्स आणि हंगामाची रिकव्हरी

बोटाला सुई टोचून ग्लुकोमीटरवर जो आकडा येतो तो त्या क्षणाचा. हातातल्या रिफ्रॅक्टोमीटरवर एका कांडीचा ब्रिक्स पाहावा, तसा. तेवढ्यावरून सगळ्या फडाचा उतारा सांगता येत नाही. त्यासाठी एचबीए१सी नावाची तपासणी आहे. रक्तातल्या तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि त्या काळात त्यांच्यावर साखर चिकटत जाते. ती मोजली की मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते. ही झाली हंगामाची रिकव्हरी. ७ टक्के आले तर सरासरी साखर १५४ च्या आसपास, ८ आले तर १८३, ९ आले तर २१२.

परंतु रिकव्हरी चांगली असली तरी एखाद्या दिवशी कारखाना बंद पडलेला असू शकतो ना? तसेच इथेही आहे. दुपारी ३०० आणि पहाटे ५० अशा दोन टोकांची सरासरीसुद्धा देखणी दिसते. म्हणून दोन्ही तपासण्या लागतात. आणखी एक गोष्ट आपल्या माता-भगिनींसाठी : अंगात लोह कमी असेल, रक्त कमी असेल, तर एचबीए१सीचा आकडा खऱ्यापेक्षा जास्त येण्याचा संभव असतो. तेव्हा हिमोग्लोबिन किती आहे हेही डॉक्टरांना दाखवावे.

लक्ष्य किती ठेवायचे, हेही सर्वांना एकच नाही. नुकताच मधुमेह कळलेला चाळिशीतला माणूस ७ च्या आत राहण्याची धडपड करील तर त्यात त्याचे हित आहे. पंच्याहत्तरीच्या, एकट्या राहणाऱ्या, मूत्रपिंड कमजोर झालेल्या आजोबांना त्याच ७ च्या मागे पळवले तर साखर उतरून ते एखाद्या रात्री पडतील. त्यांना ८ च्या आसपास चालते. हा आकडा डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावा. 'कंट्रोलमध्ये आहे' हा आकडा नव्हे.

रात्रीची लाइट आणि उतरलेली साखर

आता या लेखातला सर्वात महत्त्वाचा भाग.

ज्यांच्याकडे दिवसाची वीज आली त्यांचे भाग्य. बाकीच्यांची आठवड्याची रात्रपाळी अजून चुकलेली नाही. रात्री लाइट येते, माणूस बॅटरी आणि काठी घेऊन उसाला पाणी भरायला निघतो. काठी कशासाठी, तर प्रवरा-मुळेच्या काठच्या उसात बिबट्याची भीती. या भीतीपायी आपण फटाके बाळगतो, दोघे-दोघे जातो. पण त्या फडात इन्सुलिन घेणारा माणूस एकटा असेल आणि त्याची साखर उतरली, तर तो धोका बिबट्यापेक्षा कमी नाही. आणि त्यावरचा उपाय खिशात मावतो.

हे घडते कसे, ते पाहा. काम करणारा स्नायू रक्तातली साखर ओढतो. फावडे मारून दारे मोडायची, बांधायची, चिखलातून पाय उपसायचे, हे दोन-तीन तास चालले की साखर भराभर खाली येते. एवढेच नव्हे, तर कष्ट थांबल्यावरही पुढचे कित्येक तास, कधी दुसऱ्या दिवसापर्यंत, स्नायू आपली रिकामी कोठारे भरून घेत असतात. सायंकाळी सातला इन्सुलिन घेतले, लाइटच्या घाईत अर्धीच भाकरी खाल्ली, आणि बारा वाजता मोटर चालू केली, की पहाटे तीनला साखर ५० वर येण्याची सगळी तयारी झाली. इन्सुलिन मांडीत टोचले असेल आणि पायांनी कष्ट पडले, तर ते आणखी लवकर भिनते.

हा धोका सर्वांना सारखा नाही, हे नीट लक्षात घ्या. ज्याची फक्त मेटफॉर्मिनची गोळी चालू आहे, त्याची साखर अशी धोकादायक उतरणे क्वचितच. धोका आहे तो इन्सुलिनवाल्यांना, आणि ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड या जातीच्या गोळ्या घेणाऱ्यांना. आपल्याकडे दोन-तीन औषधे एकाच गोळीत मिसळून देतात, त्यामुळे 'मला एकच गोळी आहे' म्हणणाऱ्याच्याही गोळीत ग्लिमेपिराइड असू शकते. पाकिटावरची बारीक अक्षरे नातवाकडून वाचून घ्या.

शरीर स्वतः इशारा देते : दरदरून घाम, हाताला थरथर, छातीत धडधड, एकदम भूक, ओठांना मुंग्या. तिकडे दुर्लक्ष झाले तर पुढे मेंदूला साखर कमी पडते. माणूस चिडतो, असंबद्ध बोलतो, झोकांड्या खातो. अशा वेळी लोकांना वाटते की पिऊन आला आहे, आणि त्याला तसाच झोपवून देतात. हा गैरसमज जीव घेतो. दारूचे खरोखर सेवन केले असेल तर प्रसंग आणखी वाईट, कारण यकृत एरवी साखर सोडून सांभाळून घेते, ते काम दारू अडवते.

आणखी एक मेख अशी, की ज्यांचा मधुमेह जुना आहे आणि ज्यांची साखर वारंवार उतरते, त्यांच्यात हे सुरुवातीचे इशारेच बंद होतात. थरथर नाही, धडधड नाही, थेट शुद्ध हरपते. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर जातीची गोळी असेल तर थरथर आणि धडधड दबते, घाम तेवढा येतो. म्हणून म्हणतो, शेजाऱ्याचा इशारा आपल्याला लागू पडेलच असे नाही.

उपाय साधा आहे. साखर ७० च्या खाली गेली, किंवा यंत्र जवळ नाही पण लक्षणे आली, की ताबडतोब तीन चहाचे चमचे साखर पाण्यात घालून प्यावी, किंवा तशीच चघळावी. पंधरा मिनिटे बसावे. पुन्हा मोजावे, उतरलेलीच असेल तर पुन्हा तेवढीच. बरे वाटले की भाकरी, दूध असे काही पोटात घालावे आणि त्या रात्रीपुरते फावडे खाली ठेवावे. ५४ च्या खाली गेली असेल तर दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना सांगितलेच पाहिजे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही ओतू नये, ते श्वासनलिकेत जाते. त्याला कुशीवर वळवावे आणि १०८ ची गाडी बोलवावी. ग्लिमेपिराइडच्या जातीच्या गोळीने साखर उतरली असेल, तर एकदा सुधारल्यावर काही तासांनी पुन्हा उतरते, म्हणून घरी आणून झोपवू नये, दवाखान्यात दाखवावे. अकार्बोज किंवा व्होग्लिबोज ही गोळी घेणाऱ्यांनी साध्या साखरेऐवजी ग्लुकोजची पूड जवळ ठेवावी, कारण ती गोळी साध्या साखरेचे पचनच लांबवते.

पाणी भरायला निघण्यापूर्वी मोजण्याची सवय ठेवावी. इन्सुलिन किंवा वरील गोळ्या चालू असताना आकडा ९०-१०० च्या खाली असेल तर आधी खाऊन घ्यावे. रात्रपाळीच्या आठवड्यात इन्सुलिन किती कमी करायचे हे डॉक्टरांना आधीच विचारावे. त्यांना आपल्या लाइटचे वेळापत्रक माहीत नसते, ते आपणच सांगायचे. आणि सभासदांना सवलतीच्या दरात मिळणाऱ्या साखरेतली मूठभर पुडीत बांधून सदऱ्याच्या खिशात. ती चहासाठी नाही.

यंत्राचा गजर

शरीराचा इशारा बंद पडला की यंत्राचा घ्यावा लागतो. दंडाला चिकटवायचा एक नाण्याएवढा सेन्सर आता मिळतो. त्याचा केसासारखा तंतू कातडीखाली राहतो आणि दर काही मिनिटांनी साखर मोजून मोबाइलकडे पाठवतो. एक सेन्सर साधारण दोन आठवडे चालतो. साखर ठरवलेल्या रेषेखाली जाऊ लागली की फोन ओरडतो, आणि सोय करून ठेवली तर बाप राहुरीला आणि मुलगा चाकणला असला तरी मुलाचाही फोन ओरडतो. ७० ते १८० या पट्ट्यात दिवसाचा किती वेळ गेला, हेही तो सांगतो. दिवसाच्या शंभर भागांतले सत्तर भाग या पट्ट्यात असावेत, असे बहुतेकांसाठी धरतात.

वस्तू चांगली आहे, पण तिचे दोष माहीत असावेत. सेन्सर रक्तातली साखर मोजत नाही, पेशींच्या मधल्या पाण्यातली मोजतो. तिथे खबर पाच ते पंधरा मिनिटे उशिरा पोहोचते. कष्टाच्या कामात साखर झपाट्याने उतरत असताना सेन्सर ८० म्हणेल तेव्हा रक्तात ६५ असू शकते. लक्षणे आणि यंत्र यांचे जुळले नाही तर बोटाला टोचून पाहावे. झोपेत त्याच दंडावर भार पडला तर साखर उतरल्याचा खोटा गजरही होतो. फोन मोटरीच्या पेटीवर ठेवून माणूस फडात लांब गेला तर संदेश पोहोचत नाही. फोन अंगावरच हवा. काही सेन्सरना आपोआप गजर नसतो, फोन जवळ नेऊन पाहावे लागते. विकत घेताना हे विचारून घ्या, कारण एकेका सेन्सरला काही हजार रुपये पडतात. आणि गजराची रेषा ज्याची त्याने, डॉक्टरांना विचारून ठरवावी. सरसकट ठेवली तर रात्रभर फोन वाजतो, तिसऱ्या दिवशी माणूस वैतागून आवाज बंद करतो.

आमच्या मते दिवसातून अनेकदा इन्सुलिन घेणारे, लहानपणीच मधुमेह झालेली मुले, आणि ज्यांना साखर उतरल्याचे कळत नाही अशांनी या सेन्सरवर पैसे घालावेत. एका मेटफॉर्मिनवर असलेल्या सभासदाने मुलाच्या आग्रहाखातर तो दंडाला लावून हिंडण्यात फारसा अर्थ नाही. तेवढ्या पैशात साधा ग्लुकोमीटर, पट्ट्या आणि एक चांगला बुटांचा जोड येतो.

साध्या मेसेजचाही उपयोग होतो, हे मात्र सिद्ध झालेले आहे. दक्षिण भारतात डॉ. ए. रामचंद्रन यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे ५३७ नोकरदार पुरुष निवडले. निम्म्यांना एकदा सल्ला देऊन सोडले. बाकीच्यांना त्या सल्ल्याशिवाय दोन वर्षे मोबाइलवर खाण्या-चालण्याविषयी मेसेज पाठवले, तेही ज्याच्या मनाची तयारी जेवढी त्याला तसे. २०१३ साली निकाल आला. मेसेज न मिळालेल्यांत शंभरात २७ जणांना मधुमेह झाला, मेसेज मिळालेल्यांत १८ जणांना. औषधाची एक गोळी न देता हा फरक! केंद्र सरकारनेही २०१६ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने 'एम-डायबेटिस' हा मिस्ड कॉल देऊन मेसेज मिळवण्याचा कार्यक्रम सुरू केला होता. मात्र व्हॉट्सॲपवर फिरणारा 'अमुक पाल्याचा रस घ्या, आठ दिवसांत गोळ्या बंद' हा मेसेज यात धरू नका. तो कोणाच्या नावचा नसतो.

जिथे गजरच होत नाही

मधुमेह जुना झाला की पायाच्या नसा मरतात. आधी जळजळ, रात्री मुंग्या. मग एक दिवस ते सगळे थांबते आणि माणूस म्हणतो, 'आता बरं वाटतंय.' बरे काही नाही, नस बधिर झाली. खोडव्याच्या फडात तुटक्या बुडख्यांवरून अनवाणी चालताना कच्चकन घुसले तरी कळत नाही. चपलेत खडा असतो, संध्याकाळी मोजा रक्ताळलेला दिसतो. हिवाळ्यात शेगडीला पाय शेकताना कातडी भाजली तरी पत्ता नसतो.

घरच्या घरी पाहण्याची एक रीत आहे. रुग्णाने डोळे मिटून पडावे. घरच्याने बोटाच्या टोकाने त्याच्या दोन्ही पायांच्या अंगठ्याला, मधल्या बोटाला आणि करंगळीला अगदी हलके, एक-दोन सेकंद, नुसते टेकवावे, दाबू नये. कळले की त्याने 'डावा' किंवा 'उजवा' म्हणावे. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळले नाही, तर पायाची जाणीव गेली असे समजून डॉक्टरांना दाखवावे. त्या माणसाने घरातसुद्धा अनवाणी फिरू नये. पाणी भरताना गमबूट, पण घालण्यापूर्वी उलटा झटकून, आत हात फिरवून. घरी आल्यावर पाय धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात आणि तळवा आरशात पाहावा. स्वतःला वाकता येत नसेल तर सुनेला, नातवाला दाखवायला लाजू नये. कुरूप ब्लेडने कापू नये. जखमेवर हळद-चुना, बिडीची राख लावून चार दिवस वाट पाहू नये. लाली, सूज, पू किंवा वास आला की त्याच दिवशी दवाखाना गाठावा. पाय कापण्याची वेळ येते ती बहुधा साध्या जखमेपासूनच, आणि मधल्या वाया गेलेल्या दिवसांमुळे.

छातीचेही असेच. मधुमेह्याला हृदयविकाराचा झटका कधी कधी दुखल्याशिवाय येतो. नुसता घाम, दम, एकदम गळून जाणे. म्हणजे साखर उतरल्यासारखेच दिसते. अशा वेळी आधी साखर मोजा. आकडा चांगला आहे आणि घाम थांबत नाही, तर ईसीजी काढायला विलंब नको. डोळ्यांचा पडदा, लघवीतली प्रथिने आणि रक्तातले क्रिएटिनिन या वर्षाकाठी एकदा करावयाच्या तपासण्या आहेत. डोळा आणि मूत्रपिंडही आधी बोंब मारत नाहीत.

उपास, उलट्या आणि इन्सुलिन

नवरात्रात मोहटादेवीला नऊ दिवसांच्या उपासाने जाणारे आपल्यात पुष्कळ आहेत. श्रद्धेचा विषय आहे, आम्ही नको म्हणणार नाही. परंतु उपासाचा साबुदाणा-बटाटा साखर उंच चढवतो, आणि निर्जळी उपासात गोळी तिला खाली ओढते. उपास सुरू होण्याच्या आठ दिवस आधी औषधाचे प्रमाण बदलून घ्यावे. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या अलीकडे स्वस्त झाल्या आणि गावोगाव पोहोचल्या आहेत. औषध चांगले, पण लांब उपास किंवा उलट्या-जुलाब चालू असताना त्यांच्यामुळे रक्तात आम्ल साचू शकते, तेही साखर फार वाढलेली नसताना. उलट्या, पोटदुखी, खोल श्वास दिसला तर 'साखर तर दोनशेच आहे' म्हणून घरी बसू नये.

लहानपणापासून इन्सुलिनवर असलेल्यांनी ताप-उलटीत 'खाल्लं नाही, मग कशाला घ्यायचं' म्हणून इन्सुलिन पूर्ण बंद करू नये. कमी-जास्त किती, ते फोनवर विचारावे.

इन्सुलिनची चालू बाटली तीस अंशांच्या आत साधारण २८ दिवस टिकते. आपल्या चैत्र-वैशाखात पारा चाळिशीच्या पुढे. फ्रीज नसेल किंवा लाइट जात असेल तर एका मातीच्या मडक्यात दुसरे लहान मडके, मधल्या फटीत ओली वाळू, आणि आत कोरड्या डब्यात बाटली ठेवावी. ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्ये किंवा मोटारसायकलच्या डिकीत ठेवलेले इन्सुलिन दिसायला पाण्यासारखेच स्वच्छ दिसते, पण काम करत नाही.

कोणाला कळवायचे

आपल्या जिल्ह्यात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली काम सुरू केले. गावातल्याच, बऱ्याचदा अक्षरओळखही नसलेल्या बायकांना शिकवून त्यांनी आरोग्य सेविका केले, आणि १९७९ साली त्या दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. शेजारच्या घरात कोण खोकते, कोणाचा पाय सुजला, हे त्या बाईला डॉक्टरच्या आधी कळत असे. आज ते काम बऱ्याच अंशी आशाताई करतात. तीस वर्षांवरील प्रत्येकाचा तपासणी फॉर्म त्या भरतात. त्यांना 'नंतर या' म्हणून परत पाठवू नये. उपकेंद्रात, प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि ग्रामीण रुग्णालयात साखर तपासण्याची व नेहमीच्या गोळ्यांची सोय आहे. गुंतागुंत झाल्यास लोणीला १९८४ पासून ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. सहकाराच्या चळवळीतून उभे राहिलेले ते काम आपलेच आहे.

प्रत्येक मधुमेही सभासदाने पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना एक जाड कार्ड न्यावे आणि त्यावर त्यांच्या हाताने लिहून घ्यावे : औषधांची नावे व वेळा, माझी साखर किती खाली गेली तर साखर खायची, किती वर आणि किती वेळ राहिली तर दवाखान्यात यायचे, एचबीए१सीचे माझे लक्ष्य, रात्रपाळीच्या दिवशीचा डोस, आजारपणात कोणती गोळी थांबवायची आणि कोणती नाही, पायाची जाणीव आहे की नाही. खाली दोन फोन नंबर, एक घरातला आणि एक शेजारच्या मळ्यातला, जो रात्री फोन उचलतो त्याचा.

कार्डाच्या तीन प्रती कराव्यात. एक घरात, देवघराशेजारी, जिथे सर्वांची नजर जाते. एक खिशात, साखरेच्या पुडीबरोबर. आणि तिसरी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून विहिरीवरच्या मोटरीच्या पेटीच्या दाराला आतून चिकटवावी.